शेवटचं पेर: एका मॅलेट फिंगरचं प्रकरण

त्या रात्री केस पेपर नातवाच्या नावाचा होता. चार वर्षांचा पोरगा, दोन दिवसांचा ताप, घसा लाल. तापाचं औषध लिहून दिलं आणि नेहमीच्या सवयीने आजीला म्हटलं, "काकू, पाच मिली मोजून दाखवा बरं." त्यांनी बाटली डाव्या हातात धरली, झाकण उजव्या हातात घेतलं, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची बाकीची बोटं सरळ होती. मधल्या बोटाचं शेवटचं पेर मात्र खाली मान घालून बसलं होतं.

"हे काय झालं?"

"हे होय? शीर चढलीय हो. जाईल."

नऊ दिवस झाले होते. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातली आमची कॅज्युअल्टी. रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मामा. हाताच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ गाठायचा तर एसटीने अर्धा दिवस. ताप घेऊन आलेला नातू नसता तर हे बोट आमच्या दारात आलंच नसतं.

हकिकत अशी. ज्येष्ठ संपता संपता, घरी पाहुणे येणार म्हणून काकू अंथरुणं घालत होत्या. कापसाची जड गादी, खाली फळीचा पलंग. बोटं ताठ करून चादरीची कड गादीखाली सारताना मधल्या बोटाचं टोक फळीला अडलं आणि जोरात आत मुडपलं. टक असं काहीतरी झालं. दुखलं म्हणावं तर फारसं दुखलंही नाही. संध्याकाळी भाकरी थापताना टोक उचलत नाही हे लक्षात आलं. शेजारणीने खोबरेल लावून बोट ओढून दिलं. चौथ्या दिवशी त्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे एक्स-रे निघाला, 'फ्रॅक्चर नाही, काळजी करू नका' असं सांगितलं गेलं, दुखायच्या गोळ्या मिळाल्या आणि क्रेपची पट्टी बांधली गेली. पट्टी बांधताना बोट होतं तसंच, वाकलेलंच राहिलं.

बोटाच्या दुखण्यात सगळ्यात जास्त नुकसान कुठलं वाक्य करत असेल तर ते 'फ्रॅक्चर नाही' हे. वाक्य खरं असतं, म्हणून कुणी पुढे विचारत नाही. एक्स-रेत हाड दिसतं. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दिसत नाही.

कंडरा हा पुस्तकातला शब्द. आम्ही दिवसभर टेंडन म्हणतो आणि पेशंट शीर म्हणतात. बोटाच्या पाठीवरून एक टेंडन पुढे जातं आणि शेवटच्या पेराच्या हाडाच्या बुडाशी पातळ, चपट्या फितीसारखं चिकटतं. तळव्याच्या बाजूने येणारं, बोट वाकवणारं टेंडन दोरासारखं जाड आणि कितीतरी ताकदवान असतं. दोघांची कायम रस्सीखेच चाललेली असते. ताठ केलेल्या बोटाचं टोक अचानक आत मुडपलं की वरची फीत हाडापाशी तुटते, किंवा हाडाचा टवका घेऊन सुटते. मग खालचा दोर एकटाच ओढत राहतो आणि पेर लोंबतं. याला मॅलेट फिंगर म्हणतात, कारण बोटाचा आकार लाकडी हातोड्यासारखा दिसतो. अमेरिकेत त्याला बेसबॉल फिंगर असंही नाव आहे. आपल्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटमधले यष्टिरक्षक येतात, व्हॉलीबॉलवाले येतात, आणि गाद्या घालणाऱ्या, मोजे चढवणाऱ्या बायका येतात. चेंडूची गोष्ट सगळ्यांना पटते. चादरीने टेंडन तुटतं हे कुणाला पटत नाही, तुटलेल्या बाईलासुद्धा.

ही तूट किती लहान असते हे कळलं की उपचाराचं गणितही कळतं. प्रेतांच्या बोटांवर केलेल्या मोजमापात असं दिसलं की हे टेंडन एक मिलीमीटर लांबलं तरी टोक साधारण 25 अंश खाली येतं. दोन मिलीमीटरला 36 च्या आसपास. काकूंचं बोट मी कोनमापकाने मोजलं तेव्हा ते 40 अंशांवर होतं. म्हणजे सगळा प्रश्न दोन-अडीच मिलीमीटरचा. टोक ताठ धरून ठेवलं तर ही फट मिटते आणि मध्ये जखमेची नवी ऊती भरून येते. पण ती ऊती पक्की व्हायला आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात टोक एकदा जरी वाकलं तरी ती ताणली जाते.

तपासणी

पट्टी सोडली. जखम नाही. शेवटच्या सांध्यावर किंचित सूज, दाबलं तर थोडं दुखणं. मी माझ्या बोटाने टोक वर उचललं तर ते अगदी सरळ आलं, सोडलं की पडलं. हे चांगलं लक्षण, सांधा आखडलेला नव्हता. "तुम्ही उचला," म्हटलं तर काकू कपाळाला आठ्या घालून बोटाकडे बघत राहिल्या. टोक हललं नाही.

मग उलट बाजू. मधलं पेर माझ्या चिमटीत धरून म्हटलं, आता टोक वाकवा. वाकलं. हे तपासलंच पाहिजे, कारण याच सांध्याचं दुसरं दुखणं याच्या अगदी उलट वागतं, त्याबद्दल पुढे. मधल्या सांध्यावरची कंडरा शाबूत आहे का हेही बघायचं होतं. त्यासाठी एल्सनची चाचणी आहे: बोट टेबलाच्या कडेवर मधल्या सांध्यात काटकोनात वाकवून ठेवायचं आणि पेशंटला ते सरळ करायला सांगून आपण अडवायचं. ही कंडरा, म्हणजे मधला पदर, तुटला असेल तर सरळ करण्याचा जोर लागत नाही आणि टोक मात्र ताठरतं. आता मॅलेटमध्ये ही अर्धी खूण फसते, कारण टोकाला जाणारा धागाच तुटलेला, ते ताठरणार कसं? माझ्याकडच्या एका इंटर्नने एकदा टोक ढिलं पाहून 'मधला पदर शाबूत' असं लिहिलं होतं. अशा बोटात मधल्या सांध्याची ताकद तेवढी पाहायची. काकूंची ताकद चांगली होती. भाकरी थापणारा हात तो.

स्पर्श ठीक, नखाचा रंग दाबून सोडल्यावर लगेच परतला. बोटात वेढणं होतं, ते साबण लावून काढलं; कुठल्याही बोटाच्या दुखापतीत हे पहिलं काम, सूज चढल्यावर ते कापावं लागतं.

आधीचा एक्स-रे फक्त समोरून होता. त्यात या दुखण्यातलं काहीच ठरत नाही. एक्स-रेवाल्याला बाकीची बोटं मुठीत मिटवून, हे एकच बोट नेमकं बाजूने घ्यायला सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. हाडाचा टवका निघालेला नव्हता आणि शेवटचं पेर सांध्यातून तळव्याकडे घसरलेलंही नव्हतं. मॅलेट फिंगरच्या डॉइलच्या वर्गीकरणात हा पहिला प्रकार, बंद दुखापत, स्प्लिंटने, म्हणजे आधाराच्या पट्टीने, बरी होणारी. सांध्याच्या पृष्ठभागाचा एक तृतीयांश किंवा त्याहून मोठा तुकडा सुटला असता, किंवा पेर घसरलेलं असतं, किंवा वर उघडी जखम असती, तर मी रात्रीच सर्जनला फोन लावला असता.

नऊ दिवसांचा उशीर हा फार मोठा उशीर नव्हे. महिना-दोन महिन्यांनी आलेल्या बोटांनाही स्प्लिंटने फरक पडतो. "आता काही होणार नाही" असं सांगून त्यांना परत पाठवण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

"ऑपरेशन लागणार नाही," मी म्हणाले. काकूंचा चेहरा खुलला. "पण आठ आठवडे पट्टी, दिवसरात्र." चेहरा पुन्हा मिटला.

सव्वानऊ वाजता

आमच्या ट्रॉलीत फोम चिकटवलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते. रोल उलगडायचा, बोटावर धरून माप घ्यायचं आणि प्लास्टरच्या कात्रीने कापायचं. माप चुकण्याची जागा इथेच आहे. पट्टी मधल्या पेराच्या मध्यापासून बोटाच्या टोकाच्या जरा पुढेपर्यंत हवी. मधला सांधा मोकळा राहिला पाहिजे. पूर्ण बोट बांधून टाकलेले स्प्लिंट मी वरचेवर पाहते. बांधणाऱ्याला वाटतं जास्त बांधलं म्हणजे जास्त बरं, आणि सहा आठवड्यांनी पेशंटला टोक सरळ आणि मधला सांधा लाकूड असं बोट मिळतं.

कापलेल्या कडा धारदार असतात. मी त्या कात्रीच्या मुठीने ठोकून बोथट करते आणि वर चिकटपट्टीचा एक वळसा देते. मग पट्टीला अगदी हलका बाक, इतकाच की टोक सरळ रेषेच्या केसभर वर जाईल. जास्त मागे वाकवायचं नाही. सांध्याच्या पाठीवरची कातडी पातळ असते; टोक मागे ढकलून पाहिलं तर ती पांढरीफटक पडते, म्हणजे तिथलं रक्त थांबतं. त्या अवस्थेत पट्टी बांधून पेशंटला घरी पाठवलं तर आठवड्याने कातडी काळी पडून येते. टोक हळूहळू वर नेत पांढरेपणा सुरू होण्याच्या आधी थांबायचं, तोच कोन.

पट्टी पोटाकडून लावायची की पाठीकडून, यावर वॉर्डात वाद होतात. पाठीकडून लावली तर बोटाच्या पोटाला स्पर्श मोकळा राहतो, चिमटीचं काम होतं, पण दाब नेमका त्या पातळ कातडीवर येतो. पोटाकडून लावली तर कातडी बचावते आणि हात बोथट होतो. तयार मिळणारे प्लास्टिकचे, टोपणासारखे स्टॅक स्प्लिंटही आहेत. ठरावीक मापांचे असल्यामुळे सूज उतरली की ते ढिले होतात आणि आतल्या आत टोक लोंबायला लागतं, बाहेरून मात्र सगळं छान दिसतं. 2004 साली, उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात हे सगळे प्रकार ताडून पाहिले गेले. एक दुसऱ्यापेक्षा सरस म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. रोजच्या वापरात टिकेल असा स्प्लिंट हवा आणि पेशंटने सूचना पाळणं हेच कळीचं, इतकंच त्यातून निघालं. मी त्या रात्री पट्टी पोटाकडून लावली. कातडीला जपायचं म्हणून. हातांच्या कामाचा विचार मी केला नाही.

केस पेपरवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. सिस्टरने विचारलं, "काकू, काय करता?" काकू म्हणाल्या, "घरीच असते." सिस्टरने 'गृहिणी' लिहिलं. मी ते वाचलं आणि पुढे गेले.

सूचना मी तोंडी दिल्या. भिजवू नका, काढू नका, आठ दिवसांनी या. काकूंनी मान डोलावली. नातवाच्या तापाची बाटली पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या. बाहेर पाऊस धोधो पडत होता.

आठवा दिवस

आषाढातल्या कोकणात काहीही कोरडं राहत नाही. काकू ठरल्या दिवशी आल्या. पट्टी सोडायच्या आधीच तिचा आंबूस वास आला. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली, जास्त वेळ धुणं धुतल्यावर होते तशी, आणि एका कडेला लहानसा फोड. फोमने पाणी धरून ठेवलं होतं. "भिजवू नका" असं बाईमाणसाला सांगणं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं. भांडी, तांदूळ, मासे, अंगण, नातवाची आंघोळ. हात कोरडा राहील कधी?

त्या दिवशी मात्र मी घाई केली नाही. सूनही बरोबर आली होती. तिला टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, ताई, आता हे तुम्ही करायचं. काकूंचा हात पालथा टेबलावर ठेवला, बोट टेबलाला पूर्ण टेकलेलं. टोक टेबलावर हलकेच दाबून धरायचं. दुसऱ्या हाताने चिकटपट्टी सोडायची आणि स्प्लिंट बोटाखालून पुढच्या बाजूला सरकवून काढायचा. टोक टेबल सोडत नाही. मग फडक्याने बोट टिपायचं, पाच मिनिटं पंख्याखाली ठेवायचं, हात तसाच टेबलावर. त्यानंतर कोरडा स्प्लिंट बोटाखाली सरकवायचा आणि चिकटपट्टी लावायची. पहिल्यांदा सुनेने करताना टोक क्षणभर उचललं गेलं, मी ओरडले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बरोबर झालं. चौथ्यांदा काकूच तिला सांगायला लागल्या, "अगं, दाब, सोडू नको."

दोन स्प्लिंट बनवून दिले, एक बोटावर आणि एक धुऊन वाळत. फोड बसेपर्यंत आत सुती गॉजचा एक पदर. पाण्याचं काम असेल तेव्हा वर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट, आणि काम संपलं की ते लगेच काढायचं, नाहीतर आत घाम साचतो. हे सगळं मी पहिल्या रात्री करायला हवं होतं. दहा मिनिटं जास्त लागली असती.

संकष्टी

सतराव्या दिवशी सकाळी काकू न बोलावता आल्या. खुर्चीवर बसल्या आणि बोट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, एखादी फुटलेली कपबशी ठेवावी तसं.

"काल संकष्टी होती," त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. मग सून म्हणाली, "आई मोदकांच्या ऑर्डरी घेतात ना."

घरीच असतात त्या. घरी बसून दर संकष्टीला दीड-दोनशे उकडीचे मोदक करतात. गावातल्या निम्म्या घरांचा उपास त्यांच्या हातच्या मोदकांवर सुटतो. उकड गरम असताना तेल-पाण्याच्या हाताने मळायची, पारी करायची, आणि मग तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा यांच्या चिमटीत कळ्या पाडायच्या. पोटाकडून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीने कळी पडत नाही. काकूंनी एकवीस मोदकांपुरती ती काढली. 'अर्ध्या तासासाठी.' टोक पडलं, त्यांना दिसलंही, पण हातात अर्धा घाणा होता.

मी रागावले का? थोडी. मग मला माझाच केस पेपर दिसला, 'गृहिणी' लिहिलेला. मधल्या बोटाच्या टोकावर पोट असलेल्या बाईला मी सांगितलं होतं की दोन महिने हे टोक विसरा, आणि ते टोक काय करतं हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून बोटाच्या पेशंटला मी व्यवसाय विचारत नाही. विचारते, सकाळी उठल्यापासून हात कशाकशात जातो ते सांगा. उत्तरं फार वेगळी येतात.

मोजलं तर टोक 35 अंशांवर. सोळा दिवसांची जुळलेली ऊती ताणली गेली होती. नियम सरळ आहे आणि पेशंटला क्रूर वाटतो: टोक वाकलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला भरून आलेली ऊती ओल्या कणकेसारखी असते, आकार धरलेला असतो पण ताण सोसत नाही. 'सोळा दिवस झाले, उरलेले चाळीस करू' असं चालत नाही.

भिंतीवर कालनिर्णय होतं. आम्ही तिघी उठून त्याच्यासमोर उभ्या राहिलो. आजपासून सहा आठवडे म्हणजे गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. आठ आठवडे म्हणजे अनंत चतुर्दशी उलटून दोन दिवस. पुस्तकं सहा ते आठ म्हणतात. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की सहावर बोट ठेवावंसं मला क्षणभर खरंच वाटलं. गणपतीतल्या दहा दिवसांच्या ऑर्डरी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग.

मी म्हटलं, सहाव्या आठवड्याला बघू. आज ठरवायचं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. कातडी आता चांगली होती, म्हणून स्प्लिंट पाठीकडून लावला. बाक पुन्हा तपासला, पांढरेपणा येत नाही ना ते काकूंनाच बघायला शिकवलं. आता बोटाचं पोट मोकळं होतं. भाजी निवडता येत होती, नातवाला भरवता येत होतं. कळ्या पाडायच्या नाहीत यावर मात्र मी अडून राहिले, कारण त्या चिमटीत टोकावर येणारा जोर चिकटपट्टी सोसत नाही.

याच महिन्यात आलेली दोन बोटं

एक एकोणीस वर्षांचा कबड्डीपटू. चढाईवाल्याची जर्सी मुठीत धरली आणि तो हिसडा देऊन निसटला. अनामिकेचं टोक दुखतंय म्हणून आला. बोट दिसायला सरळ, सुंदर. तो म्हणाला, "तुमच्याकडे त्या मोदकवाल्या काकूंना लावली तशी पट्टी लावा." गाव लहान असतं. मधलं पेर धरून म्हटलं, टोक वाकव. वाकलं नाही. त्याचं वाकवणारं टेंडन हाडापासून सुटलं होतं, जर्सी फिंगर. त्याला स्प्लिंट लावून सहा आठवडे बसवलं असतं तर सुटलेलं टेंडन तळव्याकडे आक्रसून गेलं असतं आणि मग ते परत आणणं दुरापास्त. यात शस्त्रक्रियाच, आणि ती आठ-दहा दिवसांच्या आत. संरक्षक पट्टी लावून त्याला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने पाठवलं. विनाशस्त्रक्रिया उपचार करणाऱ्याला हे बोट ओळखता आलं नाही तर त्याने स्प्लिंटला हात लावू नये, असं माझं मत आहे.

दुसरी, नऊ वर्षांची मुलगी, दारात बोट सापडलेलं. टोक मॅलेटसारखंच लोंबत होतं, पण नखाचं मूळ कातडीच्या घडीतून बाहेर येऊन वर बसलं होतं आणि तिथून रक्त झिरपत होतं. मुलांमध्ये हाडाची वाढपट्टी, म्हणजे जिथून हाड वाढतं ती जागा, मोडते आणि नखाखालची ऊती फाटून त्या मोडीत अडकते. सीमूर फ्रॅक्चर म्हणतात त्याला. वरून मॅलेट, आतून उघडं फ्रॅक्चर. जखम धुणं, प्रतिजैविक आणि तज्ज्ञ, नुसती पट्टी नव्हे.

गणपती

सहा आठवडे भरले त्या दिवशी काकू सुनेला घेऊन आल्या. टेबलावर हात पालथा. स्प्लिंट पुढे सरकवून काढला. मी म्हटलं, आता टेबलापासून जरा वर उचला आणि टोक सरळ धरा. सरळ राहिलं. मी मनात आकडे मोजत होते. पाच, सहा, सात. आठव्या सेकंदाला टोक थोडंसं, जेमतेम दिसेल इतकं, खाली आलं. मी लगेच आधार दिला आणि हात परत टेबलावर ठेवला.

आठ सेकंदांच्या त्या बोटाने शंभर मोदकांच्या कळ्या पाडल्या असत्या तर काय झालं असतं हे मी सांगायच्या आधीच काकू म्हणाल्या, "अजून दोन आठवडे ना? बांधा."

त्या वर्षी ऑर्डरी घेतल्या गेल्या, पण निम्म्याच. कळ्या सुनेने पाडल्या. चतुर्थीच्या संध्याकाळी सिस्टरच्या डब्यात आलेल्या मोदकांवरून मी सांगू शकते की पहिल्या घाण्याच्या कळ्या जाड होत्या आणि दोन मोदक फुटून गूळ बाहेर आला होता. काकू शेगडीशी बसून केळीची पानं लावणं, मोदकपात्राची वाफ, आणि सुनेला सतत टोकणं एवढं करत होत्या. "तिला शिकवायचं राहूनच गेलं असतं," असं त्या नंतर म्हणाल्या. सुनेचं मत मी विचारलं नाही.

अनंत चतुर्दशीनंतर दिवसभराचा स्प्लिंट सुटला. रात्री झोपताना तो आणखी चार आठवडे. दिवसा टोक स्वतःच हळूहळू वाकवायचं, आठवड्याला थोडं थोडं वाढवत. दुसऱ्या हाताने दाबून वाकवायचं नाही, शेजारणीला ओढू द्यायचं नाही. टोक पुन्हा उतरायला लागलं तर दोन आठवडे परत दिवसाही पट्टी. एकदा तसं झालं, पितृपक्षात, एका सुट्टीच्या दिवशी धुणं पिळल्यावर. दहा दिवसांत सावरलं. मधला सांधा मागच्या बाजूला झुकत नाही ना हे मी प्रत्येक वेळी पाहत होते. मॅलेट तसंच सोडलं तर काही जणांत मधला सांधा उलटा वाकायला लागतो आणि बोट हंसाच्या मानेसारखं होतं. काकूंचं तसं झालं नाही.

दिवाळीनंतर शेवटची भेट. टोक स्वतःच्या जोरावर 10 अंशांनी कमी पडत होतं. वाकणं जवळपास पूर्ण. सांध्याच्या पाठीवर मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा, तो बहुधा राहील. मी हे केस पेपरवर लिहिलं आणि काकूंना सांगितलं की दहा अंश राहतात, हा निकाल चांगलाच धरतात. त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं.

"कळी पडते," त्या म्हणाल्या. "जरा तिरकी पडते. कुणाला कळत नाही."

दारातून परत फिरून त्यांनी विचारलं, गादीखाली चादर खोचायची तर आता कशी. मी म्हटलं, बोटं ताठ करून नको, मूठ मिटून सारा. सून हसली. चादर आता आई लाकडी कालथ्याने खोचतात, ती म्हणाली, आणि घावनं करायला घेतली की कालथा शोधत पलंगापर्यंत जावं लागतं.